ई-मेलचं दप्तर

"या वर्षी तरी काहीतरी लिहाच," असा स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विषय नसल्याची सबब पुढे केली. ते म्हणाले, "मग तुमच्या कामावर लिहा." आता माझं काम म्हणजे कंपन्यांच्या ई-मेल यंत्रणा सांभाळणं आणि जुने मेल नीट लावून ठेवणं. हे पार्टीत सांगितलं की समोरचा माणूस "अच्छा अच्छा" म्हणतो आणि समोशांच्या दिशेने सरकतो. चोवीस-पंचवीस वर्षांत या कामाबद्दल कोणी आपण होऊन दुसरा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ही संधी सोडवेना. पण सुरुवात मी कॉम्प्युटरपासून करणार नाही. सुरुवात करतो लुआसच्या रेड लाइनवरच्या फोर कोर्ट्स या स्टॉपपासून.

आपल्यापैकी बरेच जण रोज तिथून जातात. नदीकाठचा तो हिरवट घुमट आपण पाहुणे आले की दाखवतो आणि पुढे जातो. त्या इमारतीच्या आवारात १८६७ च्या कायद्याने आयर्लंडचं सार्वजनिक अभिलेखागार, म्हणजे सरकारी दप्तरखाना उभा राहिला. सुमारे सातशे वर्षांचे कागद तिथे एकत्र आणले होते : न्यायालयांचे निकाल, मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, चर्चच्या नोंदवह्या, जनगणनेची पत्रकं. १९१९ मध्ये हर्बर्ट वूड या अधिकाऱ्याने या सगळ्याचं मार्गदर्शक पुस्तक छापलं. तीनच वर्षांनी, २८ जून १९२२ ला यादवी युद्धात फोर कोर्ट्सवर तोफा डागायला सुरुवात झाली आणि ३० जूनला मोठा स्फोट होऊन आग लागली. आत ठाण मांडून बसलेल्यांनी दारूगोळा याच भागात ठेवला होता. जळके कागद वाऱ्यावर उडत पार होथच्या टेकडीपर्यंत गेले. दप्तरखाना गेला आणि त्याची यादी तेवढी राहिली. काय काय होतं हे नेमकं माहीत आहे, फक्त ते नाही! आमच्या धंद्यात याला आम्ही "इंडेक्स आहे, डेटा नाही" म्हणतो, आणि असं वाक्य ज्याला साहेबासमोर बोलावं लागलं आहे, त्यालाच वूड साहेबांचं दुःख कळेल.

आयर्लंडच्या इतिहासात ही आग सगळ्यांना माहीत असते. पण मला जास्त बोचते ती तिच्या शेजारची, फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. इथे १८२१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली. त्यातल्या १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या पत्रकांचा बहुतेक भाग त्या आगीत गेला. मग १८६१ आणि १८७१ च्या पत्रकांचं काय? ती आगीत गेलीच नाहीत. आकडेवारीचे अहवाल छापून झाल्यावर, आता मूळ कागदांची गरज काय, म्हणून सरकारी हुकुमानेच ती नष्ट केली गेली. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. म्हणून आज पूर्ण शाबूत अशी सगळ्यात जुनी आयरिश जनगणना १९०१ ची आहे. म्हणजे चार जनगणना बंडाळीने नेल्या आणि चार कारकुनी शिस्तीने. बंडाळीवर पुस्तकं लिहिली गेली. कारकुनी शिस्तीवर कोण लिहिणार?

आता यातलाच एक धागा बघा. १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागलं. पण वय सिद्ध कसं करायचं? आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ पासून. सत्तरीच्या म्हाताऱ्यांकडे दाखला असणार कुठून? मग हे लोक अर्ज करायचे : आमच्या गावचं, आमच्या आईबापांच्या नावचं १८४१ किंवा १८५१ चं पत्रक काढून बघा, त्यात मी तान्हा असेन. दप्तरखान्यातले कारकून पत्रक काढायचे आणि त्यातला मजकूर अर्जावर उतरवून घ्यायचे. पुढे मूळ पत्रकं जळाली, पण हे अर्ज वाचले! आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते आहेत आणि इंटरनेटवरही बघता येतात. दुष्काळाच्या आधी एखाद्या झोपडीत कोण कोण राहत होतं, हे कितीतरी घरांच्या बाबतीत आज केवळ एवढ्यासाठी कळतं, की साठ वर्षांनी त्या घरातल्या कुणाला तरी आठवड्याचे पाच शिलिंग हवे होते.

हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

इथे थोडं पुण्याकडे वळतो, कारण त्याशिवाय मराठी माणसाला दप्तर हा शब्द उच्चारता येत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कोट्यवधी कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. आपण भारावून जातो ते त्यातल्या पत्रांनी. मला मात्र धंद्यामुळे कौतुक वाटतं रोजकीर्दीचं. कोणाला काय हुकूम गेला, किती रक्कम दिली, याची त्या त्या दिवशी वहीत नोंद व्हायची. पत्र ज्याला गेलं त्याच्याकडे गेलं, त्याने ते जपलं किंवा चुलीत घातलं, तरी फडावर त्याची नोंद उरली. गणेश चिमणाजी वाड यांनी याच रोजकीर्दींतून निवडे काढले आणि पेशवाईचा कारभार कसा चाले ते जगाला कळलं. ई-मेल यंत्रणेत आज हेच करतात आणि त्याला जर्नलिंग म्हणतात. मेल आला किंवा गेला की त्याची एक प्रत त्याच क्षणी वेगळ्या पेटीत जाऊन पडते. पेटी वापरणाऱ्याच्या हातात नसते, त्याने आपल्याकडचा मेल पुसला तरी जर्नलमधला पुसला जात नाही. हे मी आमच्या एका आयरिश ऑडिटरला रोजकीर्दीचं उदाहरण देऊन समजावलं होतं. त्याने "रोज-कीर्द" असं वहीत लिहून घेतलं. पुढे काय केलं देव जाणे.

आणि हो, १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला, तेव्हा ज्यांच्या घरी सनद होती किंवा ज्यांची नोंद दप्तरात सापडली त्यांचं इनाम टिकलं. बाकीच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन तोंडी सांगून टिकली नाही. जुना कागद कोणाला लागतो? ज्याच्यावर सिद्ध करायची पाळी येते त्याला.

असो. येऊ डब्लिनला.

आयर्लंड आणि ई-मेल यांचं नातं लोकांना वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. १९८० च्या दशकात, जेव्हा आपल्याकडे ट्रंक कॉल लावून बसावं लागे, तेव्हा युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधून युरोकॉम नावाची सेवा चालत होती. युरोपातल्या संशोधन प्रकल्पांवर काम करणाऱ्या कंपन्या आणि विद्यापीठं तिच्यातून एकमेकांना इलेक्ट्रॉनिक निरोप पाठवत. १९८८ मध्ये देशाच्या पत्त्याचं ते 'डॉट आयई' हे शेपूट नोंदलं गेलं, तेही याच कॉलेजच्या देखरेखीखाली. १९९१ मध्ये ट्रिनिटी कॉलेजातून आयईयुनेट ही व्यावसायिक इंटरनेट सेवा निघाली. मायक्रोसॉफ्ट सँडिफर्डला १९८५ पासून होती, लोटसचंही डब्लिनला मोठं काम चाले. ऑफिसातला ई-मेल म्हणजे तेव्हा एक तर लोटस नोट्स, नाही तर १९९६ पासून आलेलं मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज. (लोटस नोट्स पुढे आयबीएमकडे गेलं आणि २०१९ मध्ये चक्क आपल्या एचसीएलने विकत घेतलं. ज्या सॉफ्टवेअरला आम्ही डब्लिनमध्ये बसून शिव्या घातल्या, त्याच्या शिव्या आता नोएडाला जातात.)

जून २००० मध्ये आयर्लंडने परदेशी कॉम्प्युटरवाल्यांसाठी खास व्हिसा सुरू केला आणि आपल्यातली बरीच मंडळी त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत इथे आली. मीही त्यातलाच, २००१ चा. तेव्हा ई-मेल सांभाळणं म्हणजे जागेशी मारामारी होती. एक्स्चेंजच्या साध्या आवृत्तीचा डेटाबेस १६ जीबी भरला की आपोआप बंद पडायचा. आज मुलांच्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते, पण तेव्हा त्यात तीनशे माणसांची कंपनी बसवायची होती. म्हणून प्रत्येकाच्या पेटीवर मर्यादा. पेटी भरली की लोक जुने मेल पीएसटी नावाच्या फाइलमध्ये काढून आपापल्या कॉम्प्युटरवर ठेवत. या फाइलने जितकी दप्तरं खाल्ली तितकी फोर कोर्ट्सच्या आगीने खाल्ली नसतील. तिची मर्यादा होती २ जीबी. ती ओलांडली की फाइल बिघडायची, आणि ओलांडताना ती एका शब्दाने सांगायची नाही. लॅपटॉप चोरीला गेला की दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला.

बॅकअप होते की, असं तुम्ही म्हणाल. साहेब लोकही तेच म्हणत. बॅकअप आणि आर्काइव्ह यांतला फरक सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. बॅकअप म्हणजे काल रात्री घर जसं होतं तसं परत उभं करण्याची सोय. त्याच्या टेप आलटून पालटून वापरल्या जातात, नवा मजकूर जुन्यावर चढतो. आर्काइव्ह म्हणजे दप्तर. त्यातून सात वर्षांपूर्वीचा नेमका एक कागद काढता आला पाहिजे, आणि तो तेव्हापासून कोणी बदललेला नाही हेही सांगता आलं पाहिजे. बॅकअपमधून एक जुना मेल शोधणं म्हणजे भिजवलेल्या साबुदाण्यातून कालचा दाणा शोधणं.

कंपन्यांना हे पटलं ते आमच्या व्याख्यानांनी नव्हे. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतली एन्रॉन बुडाली. दाभोळमुळे हे नाव महाराष्ट्राला आधीच चांगलं ठाऊक होतं! तिच्या हिशेबतपासनिसांनी ढिगाने कागद फाडल्याचं आणि मेल पुसल्याचं उघड झालं. २००२ मध्ये तिकडे सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि त्याच वर्षअखेरीस मेल जपून न ठेवल्याबद्दल पाच बड्या दलाली कंपन्यांना मिळून ८२ लाख ५० हजार डॉलर दंड झाला. डब्लिनमधल्या अमेरिकन कंपन्यांमध्ये तो आकडा आमच्या हजार ई-मेलांपेक्षा जास्त उपयोगी पडला. मेल आर्काइव्ह करणारी सॉफ्टवेअर धडाधड घेतली गेली. जुना मेल उचलून स्वस्त डिस्कवर न्यायचा, मूळ जागी एक ठिपका ठेवायचा, माणसाने त्यावर क्लिक केलं की मेल परत समोर, अशी त्यांची रीत. इथला कायदा पूर्वीपासूनच हिशेबाची कागदपत्रं सहा वर्षं ठेवा म्हणतो. करारभंगाचा दावाही सहा वर्षांत करायचा असतो. त्यामुळे 'सहा अधिक एक' असं सात वर्षांचं गणित इथे पक्कं झालं. पण हिशेबाचा मेल कोणता आणि शुक्रवारच्या पबचा कोणता, हे ठरवायचं कोणी? त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'आयटीवाल्यांनी' असंच निघालं.

आता मी माझी गोष्ट सांगतो. ही मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

मी तेव्हा होतो त्या कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता नाहीही. तिथे नगरचे एक गृहस्थ माझ्याबरोबर होते. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. आमच्या घरगुती गणपतीची पहिली आरास त्यांनी लिडलच्या खोक्यांतून केली होती. दादा २००० मध्ये आले ते एजन्सीमार्फत, कंत्राटावर. २००४ मध्ये कंपनीने त्यांना कायम केलं. तेव्हा त्यांच्या मॅनेजरने मेल लिहिला, की तुमची आधीची चार वर्षंही सेवेत धरली जातील, सोबत पत्र जोडलं आहे. दादांनी पत्र वाचलं, खुश झाले, आणि ऑफिसच्या पेटीतच राहू दिलं. पेटी भरली तेव्हा पीएसटी केली, आणि ती फाइल २००६ मध्ये वर सांगितलेल्या कारणाने बिघडली. त्यांनी मनावर घेतलं नाही, कारण मेल पाठवणाऱ्याच्या पेटीत असणारच.

तो मॅनेजर २००७ मध्ये नोकरी सोडून गेला. सोडून गेलेल्या माणसाची पेटी नव्वद दिवस ठेवायची आणि मग पुसायची, हा आमचा नियम होता. नियम मी लिहिला होता. जागा वाचवल्याबद्दल मला त्या वर्षी शाबासकीही मिळाली होती. एक्क्याण्णवाव्या दिवशी बटण मीच दाबलं. टेप बारा महिने ठेवायच्या, हाही नियम माझाच.

२००९ उजाडलं. ते वर्ष इथे ज्यांनी काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. शुक्रवारी दुपारी कोणाला खोलीत बोलावतात याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. दादांना बोलावलं. रिडंडन्सीचा कायद्याने मिळणारा हिशेब असा, की सेवेच्या प्रत्येक वर्षाला दोन आठवड्यांचा पगार आणि वर एक आठवडा, तोही त्या काळी आठवड्याला जास्तीत जास्त ६०० युरो धरून. कंपनी त्यावर आपल्याकडूनही वर्षांच्या हिशेबात काही देत होती. म्हणजे सगळं वर्षांवर. आणि कंपनीने वर्षं धरली पाच, नऊ नव्हे. दादा माझ्याकडे आले. "तो मेल काढून दे रे," म्हणाले, जसं काही मी कपाटातून फाइल काढून देणार होतो.

मी तीन रात्री शोधलं. मॅनेजरची पेटी नव्हती. २००७ च्या टेपांवर दोनदा नवा मजकूर चढला होता. शेवटी मनुष्यबळ विभागातल्या एका बाईंच्या पेटीत एक मेल सापडला. दादांच्या मॅनेजरने तो मूळ मेल त्यांना पुढे धाडला होता, त्यांनी "ठीक आहे, नोंद घेते" एवढंच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराच्या खाली, ती तिरकी रेघ ओढून, मूळ मेलचा मजकूर आला होता. बाईंना काही जपून ठेवायचं नव्हतं. उत्तर दिलं की खाली जुना मजकूर आपोआप राहतो, म्हणून तो राहिला. पण जोडलेलं पत्र त्यात नव्हतं. उत्तराबरोबर जोडपत्रं जात नाहीत.

पेन्शनचे ते अर्ज मी त्यानंतर दोनेक वर्षांनी अभिलेखागाराच्या एका प्रदर्शनात पाहिले. मूळ पत्रक नाही, कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी उतरवून घेतलेले चार शब्द आहेत. मी तिथे बराच वेळ उभा होतो. बायको म्हणाली, "चल ना, पार्किंग संपतंय."

कंपनीच्या वकिलांचं म्हणणं पडलं की सहीचं पत्र नाही, नुसता मजकूर आहे. बऱ्याच घासाघिशीनंतर चारपैकी दोन वर्षं धरली. दादा २०१० मध्ये पुण्याला परतले. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "अरे, नियम तूच केला होतास ना? मग नियमाप्रमाणेच झालं की." यात टोमणा होता की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर मी एक शिकलो. पुसण्याचा नियम लिहिताना, या पेटीत दुसऱ्या कोणाचे हक्क अडकले आहेत का, असा एक रकाना मी घालतो. दोन ठिकाणी साहेबांनी तो काढायला लावला.

मेल न पुसल्यानेही काय होतं, ते या देशाने २०१७ मध्ये पाहिलं. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, म्हणजे मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, आपल्याला काय सांगायचं! त्यांच्या उपपंतप्रधान फ्रान्सेस फिट्झजेराल्ड या मे २०१५ मध्ये न्यायमंत्री होत्या. पोलीस दलातल्या गैरप्रकारांना तोंड फोडणारे सार्जंट मॉरिस मकेब यांच्याबाबत चौकशी आयोगापुढे पोलिसांचे वकील काय पवित्रा घेत आहेत, याविषयीचा एक मेल तेव्हा त्यांच्याकडे गेला होता. अडीच वर्षांनी तो बाहेर आला. मेल मिळाल्याचं आपल्याला आठवत नाही असं त्या म्हणाल्या. पुढे आणखी मेल निघाले, सरकार पडतं की काय अशी वेळ आली, आणि २८ नोव्हेंबर २०१७ ला त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती चार्लटन यांच्या अहवालाने त्यांचं वागणं योग्यच होतं असं म्हटलं. म्हणजे मेलने आधी खुर्ची घेतली आणि मेल नीट वाचल्यावर अब्रू परत मिळाली. खुर्ची काही परत मिळाली नाही. सरकारी खात्यांचे कागद अभिलेखागाराच्या संचालकांच्या परवानगीशिवाय नष्ट करता येत नाहीत, असं इथला १९८६ चा कायदा सांगतो. त्यात कॉम्प्युटरवरचे कागदही आले. कागद ठेवा, असं कायदा सांगू शकतो. वेळेवर वाचा आणि एकमेकांना जोडून बघा, हे कोणता कायदा सांगणार?

डब्लिनचा एक मेल तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोचला. अमली पदार्थांच्या एका तपासात डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला एका वेबमेल खात्यातले मेल द्यायचं वॉरंट काढलं. मेल होते डब्लिनच्या सर्व्हरवर. ते तिथे का होते? तर खातं उघडताना त्या माणसाने आपला देश म्हणून जे निवडलं, त्यावरून यंत्रणेने जवळचं कोठार ठरवलं होतं. तो खरंच कुठे राहतो हे कोणी तपासलं नव्हतं. कंपनी म्हणाली, आयर्लंडमधला कागद हवा तर आयर्लंडला विचारा. आयरिश सरकारनेही न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं. जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयात कंपनी जिंकली. मग सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि निकालाआधीच मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने क्लाउड ॲक्ट करून टाकला : कंपनी आमच्या कायद्याखाली येत असेल तर कागद कुठल्याही देशात असो, द्यावा लागेल. एप्रिलमध्ये न्यायालयाने वाद संपल्याचं जाहीर केलं. आम्ही लोकांना 'क्लाउड' म्हणजे ढग ढग सांगत होतो. या खटल्याने दाखवलं की ढगालाही सातबारा असतो आणि त्यावर दोन-दोन नावं असू शकतात.

हे ढग आता आपल्या शेजारीच आहेत. ग्रेंज कॅसलकडून गाडीने जाताना ती खिडक्या नसलेली लांबच लांब राखाडी कोठारं दिसतात ना, तीच. २०१५ मध्ये देशाच्या मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटर्स खात होती, २०२३ मध्ये २१ टक्के. त्यातला काही भाग आपण कधीही न पुसलेल्या मेलांना थंड ठेवण्यात जातो. १ एप्रिल २००४ ला जीमेलने १ जीबी फुकट देऊ केले, तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. हॉटमेल तेव्हा २ एमबी द्यायचं. (ते काढणाऱ्या सबीर भाटियांचं शालेय शिक्षण काही काळ पुण्यात झालं, हे पुणेकर पहिल्या दोन वाक्यांत सांगतो. मी बरंच उशिरा सांगितलं याची नोंद घ्यावी.) त्या दिवसापासून पुसणं ही गोष्टच लोक विसरले.

मग २५ मे २०१८ ला युरोपचा नवा विदा-संरक्षण कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला जीडीपीआर लागू झाला आणि काटा उलटा फिरला. पूर्वी आपल्याबद्दलची माहिती मागायची तर ६ युरो ३५ सेंट भरून चाळीस दिवस थांबावं लागे. आता फुकट आणि महिन्याच्या आत. आणि गरज संपल्यावर माणसाचा तपशील ठेवणं हाच दोष. म्हणजे मी वीस वर्षं "ठेवा, ठेवा" म्हणत हिंडलो आणि आता तीच मंडळी मला विचारतात, "हे अजून का ठेवलंय?" दोन्ही बरोबर आहे, हीच पंचाईत. माझ्या तक्त्यात आता प्रत्येक ओळीला कारण लिहावं लागतं : ठेवायचं तर का, पुसायचं तर का. १८६१ च्या जनगणनेची पत्रकं नष्ट करणाऱ्याला कोणी कारण लिहायला लावलं असतं, तर त्याने काय लिहिलं असतं, असं कधी कधी मनात येतं. बहुधा त्याने "उपयोग संपला" लिहिलं असतं. मीही तेच लिहितो.

आरोग्य खात्यातल्या आपल्या डॉक्टर आणि नर्स मंडळींनी मे २०२१ चे ते आठवडे भोगलेत. १८ मार्चला एका मेलमधून आलेली एक्सेलची फाइल कोणीतरी उघडली, चोर आठ आठवडे आत हिंडले, आणि १४ मेच्या पहाटे सगळं कुलूपबंद. दवाखान्यांत पुन्हा कागद आणि पेन आले. त्यांच्याकडच्या आठवणी ऐकण्यासारख्या आहेत. पुढच्या स्मरणिकेत त्यांनीच लिहाव्यात.

जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेला दप्तरखाना इंटरनेटवर पुन्हा उभा राहिला. इतिहासकार पीटर क्रूक्स त्याचे प्रमुख. लंडनला पाठवलेल्या प्रती, वकिलांनी करून घेतलेल्या नकला, हौशी लोकांच्या टिपणवह्या, असं जगभरातल्या सत्तरहून अधिक संग्रहांतून गोळा केलं गेलं. वूड साहेबांचं १९१९ चं पुस्तक त्यांना फडताळासारखं उपयोगी पडलं : कप्पे तयार होते, सापडेल ते त्यात ठेवत जायचं. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली ती काय सरकारी दप्तरातून? लोकांच्या माळ्यांवरून, देवघरांतून गोळा करूनच ना!

आता मुद्द्याचं. आपल्या मंडळाची समिती दर दोन वर्षांनी बदलते आणि ई-मेल खात्याचा पासवर्ड हातोहात पुढे जातो. गेल्या उन्हाळ्यात मला ते खातं नीट लावून द्यायला सांगितलं. उघडून पाहतो तर पहिल्या काही वर्षांचं काहीही नाही. पहिला हॉल कोणी मिळवला, पहिली मूर्ती कुठून आली, वर्गणी किती होती, कोणाला काय आठवतंय त्यावर आता वाद चालतात. कोणी पुसलं, विचारलं नाही. मी विचारणार तरी कुठल्या तोंडाने?

तेव्हा वाचकहो, त्या वर्षांतला एखादा मेल, पावती, आमंत्रण, तुमच्या जुन्या लॅपटॉपवर किंवा फाइलमध्ये पडलेलं असेल तर त्याची एक प्रत चिटणीसांकडे द्या. मूळ तुमच्याकडेच ठेवा. फोटोंपेक्षाही मला ज्यांच्या खाली जुना मजकूर राहिला आहे अशी उत्तरं हवी आहेत, मग उत्तर नुसतं "येतो, पोळ्या आणतो" असलं तरी चालेल. पुण्याहून दादांनी गेल्या आठवड्यात दोन प्रिंटआउट स्कॅन करून पाठवले. एकावर आरासीच्या खर्चाचा हिशेब आहे. ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला दिसतो.